भूपातला मध्यम

आमच्या घराखाली पिठाची गिरणी होती, हे आधी सांगून टाकते. अण्णांवर काही लिहायचंय म्हणून जे कोणी येतात त्यांना ते ऐकायचं नसतं, त्यांना तंबोऱ्यापासून सुरुवात हवी असते. आमचा दिवस गिरणीपासून सुरू व्हायचा. आठ वाजता खाली पट्टा चढला की जमीन थरथरायला लागायची, फडताळातले पेले एकमेकांवर किणकिणायचे आणि दोन्ही खोल्या एका सुरानं भरून जायच्या. तो सूर पेटीवरच्या काळी दोनचा होता. अण्णा काळी एकमध्ये गायचे, म्हणजे गिरणी आमच्याहून एक सूर चढी. "त्या गिरणीवाल्याला सांगा, पट्टा जरा ढिला कर म्हणावं," अण्णा म्हणायचे, "तेवढी खाली आली की तंबोरा विकून टाकतो." म्हणून त्यांचा रियाज पहाटे पाच ते साडेसात. नंतरच्या शिकवण्या गिरणीच्या आवाजातच चालायच्या आणि बिचाऱ्या मुली दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी लटकत गायच्या. पीठ तर सगळीकडे. आई रोज संध्याकाळी तंबोऱ्याचा भोपळा फ्लॅनेलच्या फडक्यानं पुसायची आणि म्हणायची, "लोकांच्या तंबोऱ्यावर धूळ बसते, आमच्यावर बाजरी." शनिवार पेठेतलं ते घर आता नाही. तिथे मोठी इमारत आहे, खाली मोबाइलची कव्हरं विकतात. मी तिथून जाते कधीकधी, भाजी आणायला. काही वाटत नाही.

काही वाटत नाही हे इथेच लिहून ठेवते, कारण पुढेही पुष्कळ ठिकाणी तेच लिहावं लागणार आहे. माझी भाची म्हणते, "मावशी, आठवणी लिहितेच आहेस तर जरा मोकळी हो की." तिला वाटतं मी काहीतरी दाबून धरलंय. मी तिला सांगते, बाई गं, मुलींच्या शाळेत तीस वर्षं गायन शिकवलं, पेटीवर सा धरून साठ-साठ मुलींना एका दमात बेसूर गाताना ऐकलं, त्यानंतर माणसाचं जे होतं ते माझं झालं. ती हसते आणि विषय संपतो. पण ते खरं कारण नाही. मी सोळा-सतरा वर्षांची असतानाची गोष्ट आहे, आणि ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

अण्णा बुवांचे शिष्य. बुवा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला राहायचे. पुढे ओसरी, ओसरीवर चपला काढायच्या, आत बैठकीची खोली. बुवांचे गुरू ज्या तिथीला गेले त्या तिथीला दर वर्षी तिथे हजेरी व्हायची. हजेरी म्हणजे गुरूंच्या तसबिरीपुढे प्रत्येक शिष्यानं गायचं. तिकीट नाही, माईक नाही, ओळख करून द्यायला कुणी उभं राहायचं नाही. सगळ्यात नवा शिष्य दुपारी पहिला बसायचा, मग एकेक चढत्या क्रमानं, आणि दिवेलागणीला शेवटचं गाणं बुवांचं स्वतःचं. मधल्या वेळी पंगत. गव्हाची खीर, कढी, मऊ भात आणि कुरडई. कुरडई खाताना आवाज होतो म्हणून आम्ही पोरं ती भातात बुडवून मऊ करून खायचो, कारण आत तेवढ्यात कुणीतरी आलापी करत असायचं.

बुवांसमोर एक पितळी पानाचा डबा उघडा असायचा. बुवा भरल्या बैठकीत कधी कुणाला बोलले नाहीत. गाणाऱ्याचं अगदीच काही चुकलं तर ते फक्त डब्याचं झाकण लावायचे. टक्क. बस्स, तेवढंच. गाणाऱ्यानं तिथे थांबायचं, नमस्कार करायचा आणि उठायचं. आणि मग बुवांचं बोलावणं आल्याशिवाय त्या घराची पायरी चढायची नाही. बोलावणं एकदाच यायचं. कुणाला आठ दिवसांत यायचं, कुणाला वर्षानं. बेळगावकडच्या एका शिष्याला दोन वर्षांनी पोस्टकार्ड आलं आणि तो त्याच दिवशी गाडीत बसला म्हणे. बोलावणं येऊनही जो गेला नाही त्याचं नाव पुन्हा त्या घरात निघायचं नाही. आज हे कुणाला सांगितलं तर म्हणतात, केवढा हा जुलूम! असेल. त्या लोकांना तो जुलूम वाटत नव्हता, एवढं मी पाहिलंय.

अण्णांना चिजा बांधायचा नाद होता, आणि बुवांना त्या आवडायच्या. त्यातलीच एक कुठल्याशा बैठकीत भाऊसाहेबांनी ऐकली. भाऊसाहेब चित्रपट काढायचे. पुण्यात तेव्हा चित्रपट निघायचे, गावाबाहेर स्टुडिओ होते. ते आमच्या जिन्यावरून धापा टाकत वर आले, गिरणी ऐकली, दचकले, आणि अण्णांना म्हणाले, "मास्तर, माझ्या चित्राला संगीत द्या." अण्णा दोन दिवस जेवले नाहीत धड. मग बुवांकडे विचारायला गेले. बुवांनी पान लावता लावता सांगितलं, "कर. पोट सगळ्यांना आहे. पण इकडे येताना ते बाहेर चपलांपाशी ठेवून येत जा." अण्णांनी घरी येऊन आईला हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि हसले. परवानगी मिळाली या आनंदात होते ते. आई म्हणाली, "बघा हो, चपला बदलतात कधीकधी." तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

आता त्या कामाचं सांगते. तबकडीवर गाणं तीन मिनिटं आणि वर काही सेकंद, यापलीकडे जागा नसायची. ज्या माणसाला भूपाचा नुसता षड्ज भरायला पंधरा मिनिटं लागायची, त्यानं आईच्या माहेरून आलेलं गजराचं घड्याळ पेटीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत गायला सुरुवात केली. पहिले काही दिवस तीन मिनिटांत अण्णांचा मुखडाच संपायचा नाही. गजर व्हायचा आणि अण्णा घड्याळाला म्हणायचे, "अहो, जरा दम धरा." पुढे पुढे जमायला लागलं. मग इतकं जमलं की घड्याळाकडे न बघताच ते बरोबर तिथे थांबायचे. याचं आम्हाला कौतुक होतं. मी पाहुण्यांना सांगायचे, अण्णांना बघा, घड्याळ लागत नाही.

त्या चित्रात नायिका उंबऱ्यात दिवा लावते तिथे एक गाणं होतं. संध्याकाळ म्हणून अण्णांनी भूप घेतला. भूपात पाचच सूर. मध्यम आणि निषाद त्याला वर्ज्य, म्हणजे ते लागले की तो भूप राहतच नाही. पहिली ओळ झाली, दुसरी अडली. भाऊसाहेब तीन दिवस रोज यायचे, आमच्या बाहेरच्या खोलीत मांडी घालून बसायचे, आईच्या हातची डाळिंब्यांची उसळ खायचे आणि मान हलवायचे. "मास्तर, फार शुद्ध आहे हो. बाई दिवा लावतेय, परीक्षेला नाही बसलेली." चौथ्या दिवशी मी आत वाल सोलत बसले होते. भिजलेले वाल सोलताना बोटं चालू राहतात आणि डोकं रिकामं असतं. बाहेरची पहिली ओळ ऐकून मी दुसरी आपोआप म्हणून गेले, आणि गंधारावरून उतरण्याआधी मध्यमाला नुसतं बोट लावून आले. भाऊसाहेब ओरडले, "थांबा! आत कोण म्हणतंय?"

"आमची कुसुम आहे," अण्णा म्हणाले. "कुसुम, बाहेर ये."

मी ओल्या हातानं बाहेर आले आणि पुन्हा म्हटलं. अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अगं, मध्यम लागतोय तुझा. वर्ज्य आहे तो."

"लागू दे की!" भाऊसाहेब म्हणाले. "मास्तर, वर्ज्य-बिर्ज्य तुमच्या बुवांच्या घरी. थेटरात बसलेल्या माणसाला तो सूर हवाय. मलाच हवाय बघा."

अण्णांनी पेटीवर ती जागा तीनचारदा वाजवली. काढा पिताना माणूस करतो तसं तोंड केलं होतं. मग वहीत लिहून घेतली, आणि मी आत जाऊन उरलेले वाल सोलले. परवा एक तरुण अभ्यासक आले होते, छोटंसं रेकॉर्डिंगचं यंत्र टेबलावर ठेवून म्हणाले, "त्या काळात भूपात मध्यम घ्यायचं धाडस तुमच्या वडिलांनी कसं केलं असेल?" मी म्हटलं, पोहे गार होताहेत, घ्या.

रेकॉर्डिंगला मी अण्णांबरोबर गेले होते. भिंतींवर घोंगड्या टांगलेल्या, पंखे बंद, मधोमध एकच माईक आणि त्याच्यापासून कुणी किती लांब बसायचं याच्या खडूच्या खुणा. बाहेर कावळे हाकलायला काठी घेऊन एक माणूस ठेवलेला होता, तो फार मनापासून काम करायचा, आणि त्याच्या "हाड हाड"मुळेच दोन टेक वाया गेले. गाणाऱ्या बाई मुंबईहून आल्या होत्या. अण्णा त्यांना दुसरी ओळ शिकवताना मध्यमाशी आले की क्षणभर थांबायचे आणि मग सांगायचे. बाई म्हणाल्या, "किती गोड जागा काढलीत हो!" अण्णा म्हणाले, "हं." गाणं अफाट चाललं. लक्ष्मी रोडच्या हॉटेलात चाललं, लग्नाच्या बँडवर चाललं, गणपतीत कर्ण्यावर सकाळ-संध्याकाळ चाललं. बुवांच्या गल्लीतून एकदा वरात गेली ती हेच गाणं वाजवत. बुवा ओसरीवर बसले होते. एवढंच म्हणाले, "बँड सुरात आहे." अण्णांनी ते घरी येऊन सांगितलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

त्याच सुमारास अण्णा मला म्हणाले, "कुसुम, पुढच्या चित्रातलं एक गाणं तुझ्या आवाजात करायचं. भाऊसाहेबांशी बोललोय मी." मला आनंद झाला. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या सगळ्या वर्षांतलं एवढंच मला अगदी स्पष्ट आठवतं. मी जिन्यावरून खाली धावत गेले, गिरणीत, आणि गिरणीवाल्या काकूंना उगाचच विचारलं, आमचे गहू झाले का? आमचे गहू नव्हतेच तिथे.

त्या वर्षी हजेरीच्या आधी बुवांचा गळा पार बसला होता. त्यांनी अण्णांना बोलावून सांगितलं, "गजा, यंदा शेवटी तू बस." शेवटी बुवा बसायचे. त्यांच्यापाठोपाठ मान होता तात्यांचा. तात्या सगळ्यात जुने शिष्य, गायचे आणि पेटीही धरायचे. बुवांनी त्यांना सोडून अण्णांना सांगितलं, याचा अर्थ सगळ्यांना कळला. बुवांनंतर हे घर, ही हजेरी, ही विद्या अण्णांनी सांभाळायची होती. तात्या स्वतः आमच्याकडे पेढे घेऊन आले, मोठ्या मनाचा माणूस. आईनं अण्णांचं धोतर नीळ घालून धुतलं. अण्णांनी महिनाभर चित्राचं काम बंद ठेवलं आणि पहाटे चारला उठायला लागले. आयुष्यभर ज्याच्यासाठी शिकले ते आता एका संध्याकाळवर आलं होतं. ते काय गाणार हे कुणी विचारलं नाही. भूप गाणार होते. बुवांनी त्यांना पहिला राग शिकवला तो भूप.

मी मागे तंबोऱ्यावर होते. तसबिरीपुढे समई लागली होती. अण्णांनी सा लावला आणि खोली अशी शांत झाली की नदीवरच्या धोब्यांचे आवाज ऐकू आले. वीस-पंचवीस मिनिटं फार छान गायले. मी तुम्हाला सांगते, तसं गाणं मी पुढे पुष्कळ मोठ्या लोकांचंही ऐकलं नाही. बुवांचे डोळे मिटलेले होते आणि मांडीवर बोट हलत होतं. मग अण्णा गंधारावर आले, तिथे थांबले, आणि खाली उतरण्याआधी मध्यमाला बोट लावून आले. माझा मध्यम. गाण्यातला, जसाच्या तसा. त्यांना कळलंच नाही. तात्यांची पेटीवरची बोटं थबकली. मला कळलं, खोलीतल्या सगळ्यांना कळलं, आणि अण्णा एकटे आपल्या आनंदात पुढे गेले, पुन्हा फिरून गंधारावर आले आणि पुन्हा तसेच उतरले. टक्क.

अण्णा थांबले. त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे. मग त्यांना कळलं. त्यांनी तसबिरीला नमस्कार केला, बुवांना केला, आणि उठून बाहेर पडले. मी तंबोरा छेडतच राहिले. थांबायचं कधी हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी तात्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मला रडू आलं नाही, भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. तिथून पुढे जे मला काही वाटेनासं झालं त्याची सुरुवात ही, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, दमले असेन.

घरी आले तर अण्णा पाटावर बसून जेवत होते. आमटी-भात जेवले, ताक प्यायले. आईनं विचारलं, "अहो, चपला कुठायत?" ते नारायण पेठेतून शनिवारात अनवाणी आले होते. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तिनं पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाट मोकळी गेली. आठ वाजेपर्यंत घरात आवाजच नव्हता, आणि मग गिरणी सुरू झाली.

दुपारी आई मला म्हणाली, "जा, त्यांच्या चपला तेवढ्या घेऊन ये. तुला जायला बंदी नाही तिथे." मी गेले. बुवा ओसरीवर उन्हाला पाठ करून बसले होते. अण्णांच्या चपला कोपऱ्यात होत्या. डाव्या चपलेचा अंगठा आईनं जाड काळ्या दोऱ्यानं शिवलेला, म्हणून लगेच दिसल्या.

"कोण, कुसुम का? काय गं?" बुवांचा आवाज खरखरीत झाला होता.

"अण्णांच्या चपला न्यायला आले."

"का? त्याचे पाय मोडलेत?"

बुवांनी मला खाली बसवलं. म्हणाले, "तो मध्यम कुणाचा? गजाचा नव्हे तो. गजाचं गाणं मला ठाऊक आहे."

"माझा," मी म्हटलं.

"सूर सच्चा होता," बुवा म्हणाले. "गाण्यात असेल तिथे असू दे. भूपात नको." मग म्हणाले, "गजाला सांग, येत्या गुरुवारी ये. चपला इथेच आहेत, त्याच्या त्यानं घालून जाव्यात. आणि ते बाहेरचं काम आता पुरे म्हणावं. आता त्याला वेळ नाही तेवढा, आणि मलाही नाही."

हे बोलावणं होतं. एका दिवसात आलेलं. असं त्या घरात आधी कधी झालं नव्हतं. मी नमस्कार केला आणि निघाले. नारायण पेठेतून घरी यायला दहा-बारा मिनिटं लागतात. मी फार विचार केला असं नाही. मला एवढंच दिसत होतं की अण्णा गुरुवारी जातील, बुवा म्हणतील तसं करतील, भाऊसाहेबांना नाही म्हणून सांगतील. आणि माझ्या गाण्याचं रेकॉर्डिंग पंधरा दिवसांवर आलं होतं. चाल बसली होती, पाठ झाली होती, मी ती रोज गिरणीच्या आवाजात खिडकीशी उभी राहून म्हणत होते.

"मिळाल्या?" आईनं विचारलं.

"नाहीत तिथे," मी म्हटलं. "कुणीतरी घालून गेलं असेल."

"कमाल आहे बाई! हजेरीला येतात आणि चपला नेतात," आई म्हणाली. "पुण्यात आता एवढंच राहिलं होतं."

अण्णा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. तोंड रस्त्याकडे होतं. तसंच बसून त्यांनी विचारलं, "बुवा काही म्हणाले?"

"भेटले नाहीत. झोपले होते."

"बरं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. गुरुवारी सकाळीसुद्धा सांगता आलं असतं. मी ठरवलं, रेकॉर्डिंग झालं की सांगू. रेकॉर्डिंग झालं. तीन टेकमध्ये झालं, कावळेसुद्धा गप्प होते. भाऊसाहेब म्हणाले, "छान, छान," आणि जेवायला गेले. मग वाटलं, चित्र लागलं की सांगू. चित्र लागलं आणि दुसऱ्या आठवड्यात उतरलं. गाणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, ते राहण्यासारखं नव्हतंही. भाचीनं मागे फोनवर शोधून काढलं. गायिका: माहीत नाही, असं खाली लिहिलंय. ती चिडली, मी म्हटलं, असू दे, खरंच लिहिलंय. तर, चित्र उतरल्यावर सांगायला हवं होतं. पण तोवर, इतके दिवस का नाही सांगितलंस, हा प्रश्न मध्ये आला होता, आणि रोज तो एक दिवसानं मोठा होत होता.

अण्णांनी लक्ष्मी रोडवरून नव्या चपला आणल्या. पहाटेचा रियाज पुन्हा सुरू झाला नाही. ते आठ वाजता, गिरणी सुरू झाली की पेटी घेऊन बसायचे, आणि हळूहळू त्यांनी आपली पट्टी सोडून गिरणीची धरली. त्यानंतरच्या सगळ्या चित्रांच्या चाली त्यांनी काळी दोनमध्ये बांधल्या. अभ्यासक लोक याचं कारण गाणाऱ्या बायकांच्या गळ्यात शोधतात. पुढची पाच-सहा चित्रं चांगली चालली. भाऊसाहेब खूश होते, अण्णांचं नाव चित्राच्या पाटीवर मोठ्या अक्षरात यायला लागलं. दुपारी तीनच्या सुमाराला मात्र ते काहीतरी निमित्त काढून गॅलरीत यायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, "पोस्टमन येऊन गेला का गं?" मी सांगायचे, गेला. पुढच्या वर्षीची हजेरी आली. अण्णा त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून दिवसभर घरात बसले. तिकडे बुवाही बसले असतील. बोलावणं दोनदा धाडायची त्यांच्यात रीत नव्हती. मी त्या दिवशी आईला कुरडया तळायला मदत केली.

त्यानंतरच्या थंडीत बुवा गेले. निरोप आला तेव्हा गिरणी चालू होती, तात्यांच्या पुतण्याला दारातून ओरडून सांगावं लागलं. मेल्यावर बोलावणं लागत नाही. अण्णा अंगावरच्या कपड्यांनिशी गेले, ते दुपारी आले. आईनं दारातच त्यांच्या पायांवर पाणी घालायला तांब्या उचलला आणि तशीच थांबली. अण्णांच्या नव्या चपला हातात होत्या. पायात जुन्या होत्या. डाव्या अंगठ्याला काळा दोरा.

"अहो, या कुठे मिळाल्या?"

"ओसरीवर. कोनाड्यात ठेवलेल्या होत्या." अण्णा आईशी बोलत होते पण बघत होते माझ्याकडे. "तात्या म्हणाले, बुवा दर पंधरा दिवसांनी तेल लावायला लावायचे. गजा आला की लागतील, म्हणायचे. चामडं बघ कसं मऊ राहिलंय."

आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. "कुसुम, तू तर म्हणाली होतीस—"

"मिळाल्या ना आता," अण्णा म्हणाले. "पाणी घाल. आणि कुसुम, चहा टाक."

मी चहा टाकला. आलं किसून घातलं, साखर एक चमचा, त्यांना लागायची तशी. कप गॅलरीत नेऊन खुर्चीपाशी ठेवला. ते "ठेव" म्हणाले. त्यानंतर अण्णा चौदा वर्षं जगले, मी लग्न केलं नाही, त्याच घरात राहिले, आणि रोज सकाळ-दुपार त्यांना चहा दिला. रोज ते "ठेव" म्हणाले. रागावले नाहीत, टाकून बोलले नाहीत, माझ्याशी नीट वागले. फक्त एकदा विचारायला हवं होतं त्यांनी. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.